मोतीलाल शिपायाच्या डाव्या बाजूची मोहीम

श्री

बोडीटोल्याची तमाम ढीवर मंडळी, अड्याळ बाजारचे लहानथोर, आणि ज्या कचेऱ्यांत कागद आत जातो परंतु बाहेर येण्याची वाट विसरतो अशा सर्व कचेऱ्यांचे मातबर कारकून, यांस विदित व्हावे. मोठमोठ्या सरदारांच्या लढाया लिहिण्यास लेखक पुष्कळ मिळतात. परंतु एका शिपायास डावीकडचे दिसत नाही, एवढीच गोष्ट सरकारास मान्य करविण्यास बारा वर्षे मोहीम चालली, तीत शिकस्तीवर शिकस्त खाल्ली आणि अखेर फत्ते जाहली, ही हकीकत कोणी लिहिली नाही, सबब आम्ही लिहितो. यात पदरचे तिखटमीठ नाही. वाचिता हसू आले तर ते कचेऱ्यांचे देणे समजावे.

भंडारा जिल्ह्यात अड्याळपासून कोसभर आत बोडीटोला म्हणून गाव, गावास एक थोर तलाव, आणि तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, मासे धरणाऱ्या ढिवरांची वीस-बावीस घरे. तेथील तुलाराम ढीवर यांचे चिरंजीव मोतीलाल पलटणीत शिपाई होते. अंगाने काटक, बोलणे थोडके, आणि हाती वल्हे आले म्हणजे पाणी त्यांच्या मर्जीत वागे. सन एकोणीसशे एकाहत्तरच्या मार्गशीर्षात पूर्वेच्या मुलुखी युद्ध पेटले आणि पलटण एका रुंद नदीच्या काठी येऊन अडली, कारण पूल शत्रूने उडविला होता, मग सुभेदारांनी पुसिले की नाव वल्हविणारा कोणी आहे काय, आणि मोतीलाल पुढे जाहले. तीन खेपा बिनधोक पार पडल्या. चौथ्या खेपेस नाव मध्यधारेत असता पाठीमागे गोळा फुटला आणि त्याची कपची मोतीलाल यांच्या डोक्यात मागील अंगास, उजवीकडे, शिरली. तरी वल्हे सोडिले नाही, नाव पैलतीरी लाविली, आतील नऊ असामी उतरविल्या, आणि मग पडले.

तीन महिने इस्पितळात मुक्काम जाहला आणि जखम भरली. परंतु एके सकाळी परिचारिका डावे अंगास उभी राहून औषध घ्या म्हणाली, तेव्हा मोतीलाल यांनी पुसिले की भिंतीपलीकडून कोण बोलते. तेथे भिंत नव्हती. नाकाच्या रेषेपासून डावीकडचे जग दोन्ही डोळ्यांतून नाहीसे जाहले होते. काळोखही नव्हता, काहीच नव्हते. आपल्या पाठीमागचे आपणास दिसत नाही, तसे. समोरचे आणि उजवीकडचे मात्र लख्ख दिसत होते.

मग वैद्यकीय मंडळ नामक तीन डॉक्टरांचा दरबार भरला आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगिला. मोतीलाल यांनी मान किंचित वळवून, एकेक अक्षर टिपून, तळची मुंगीएवढी ओळसुद्धा घडघड वाचिली. दरबार संतुष्ट जाहला आणि त्याने दोन कागद लिहिले. पहिला ऐसा जे, या शिपायास डावीकडचे दिसत नाही, बंदूक हाती देणे धोक्याचे, सबब फौजेत ठेवण्यास नालायक. दुसरा ऐसा जे, या शिपायाची नजर उत्तम, अपंगत्व वीस टक्क्यांहून कमी, आणि विसाच्या खाली पेन्शन देण्याचा कायदा नाही, सबब पेन्शनीसही नालायक. दोन्ही कागदांवर तारीख एक, सही एक, शाई एक. ज्या हाताने एका टेबलावर माणूस अर्धा आंधळा ठरविला, त्याच हाताने तो दुसऱ्या टेबलावर डोळस केला, आणि मधल्या वेळात हात धुतल्याचाही दाखला नाही.

येणेप्रमाणे मोतीलाल गावी दाखल जाहले. त्यांची भार्या रेवताबाई पाळीवर सामोरी आली, ती डावे अंगाने आली, आणि नवरा तिच्याजवळून सरळ पुढे निघून गेला. मग तिने हाक मारिली तेव्हा ते थबकले आणि सगळे अंग वळवून तिजकडे पाहिले. तिने भर रस्त्यात काही विचारिले नाही. घरी गेल्यावर मात्र पितळी समोर ठेवून मुकाट पाहत बसली, आणि ताटातील डावीकडची भाजी तशीच राहिलेली पाहून ताट हलकेच फिरविले.

परंतु गावास आणि बाजारास रेवताबाईचे डोळे नव्हते. अड्याळच्या बाजारी मोतीलाल यांनी वीस हातांवरून एका ओळखीच्यास रामराम केला आणि पुढचेच पाऊल डावीकडे मांडलेल्या केशरबाईच्या बांगड्यांच्या दुकानात ठेविले. काचेचा खच पडला आणि बाजार गोळा जाहला.

"दारू ढोसून बाजारात काहून येतं, बे?" केशरबाई ओरडली.

"बाई, देवाशप्पथ, मले तुही दुकान दिसलीच नाई."

"एवढी दुकान दिसली नाई? आन् तिकडचा मानुस बरा वरखू आला तुले!"

 जे खरे होते ते खोट्याहून खोटे दिसत होते. त्या दिवसापासून बाजारात त्यांचे नाव बेवडा पडले, आणि या माणसाने उभ्या आयुष्यात दारूस शिवले नव्हते.

याहून थोर आघात पाण्यावर जाहला. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष ताराचंद, माणूस वाईट नव्हे परंतु भित्रा. एके दिवशी जाळे ओढिते समयी मोतीलाल यांचा डोंगा डावीकडून येणाऱ्या डोंग्यावर आदळला आणि ताराचंदाचा भाऊ तलावात पडला, तो गाळ पिऊन वर निघाला. मग सोसायटीची सभा भरली आणि हुकूम जाहला की मोतीलाल यांनी आजपासून डोंग्यावर पाय ठेवू नये. ज्याने तोफेच्या माऱ्यात पलटणीची माणसे नदी उतरविली, त्यास गावच्या तलावात मनाई जाहली. रेवताबाई इतर बायांसमवेत काठाकाठाने मासे धरू लागली, आणि मोतीलाल पाळीवर बसून दुसऱ्यांची जाळी विणू लागले. विणताना पाण्याकडे पाहत नसत.

हे सर्व पाहून शाळेचे पुंडलिकराव गुरुजी, जे गावचे पोस्टही सांभाळीत, या मोहिमेचे चिटणीस जाहले. त्यांनी सन चौऱ्याहत्तरात सुवाच्य अक्षरांत अर्ज लिहिला, आणि तो उत्तरेकडील पेन्शनीच्या थोर कचेरीत बाबू घनश्याम यांच्या मेजावर जाऊन पहुडला. हे बाबू घनश्याम म्हणजे त्या कचेरीचा बुलंद दरवाजा. कागद त्यांजवर येऊन धडके आणि परत जाई. दीड वर्षाने खलिता आला की अर्जदाराच्या दोन्ही डोळ्यांची नजर पूर्ण आहे, अंधत्व आढळत नाही, सबब अर्ज निकालात काढिला आहे.

दुसऱ्या स्वारीचे वेळी गुरुजी आजारी होते. मोतीलाल पलटणीत लिहिणे शिकले होते, सबब छापील नमुना त्यांनी स्वहस्ते भरिला आणि रवाना केला. नमुना चार महिन्यांत परत आला, इतकी तातडी त्या कचेरीने पूर्वी कधी केली नव्हती. वर शेरा होता की अर्ज अपूर्ण, डावीकडील सर्व रकाने कोरे आहेत.

गुरुजींनी तो कागद पाहिला आणि बराच वेळ खाली ठेविला नाही. माणसास डावीकडचे दिसत नाही याचा याहून सबळ पुरावा ब्रह्मदेवासही निर्माण करिता येता ना. तो पुरावा बाबू घनश्याम यांनी डोळ्यांनी पाहिला, त्यावर लाल शाईने गोल काढिले, आणि पुराव्यातील उणीव दूर करून पुन्हा पाठवा असे लिहिले. बाबूंची स्वतःची नजर उत्तम होती, असे ऐकितो.

गुरुजी बरे जाहले आणि पुन्हा अर्ज गेले, मग स्मरणपत्रे गेली, मग स्मरणपत्रांची स्मरणपत्रे गेली, आणि सन अठ्ठ्याहत्तरात दूरच्या छावणीतील इस्पितळात फेरतपासणीचा हुकूम आला. मोतीलाल आणि रेवताबाई अड्याळहून एसटीने भंडाऱ्यास, तेथून वरठीच्या ठाण्यावरून आगगाडीने, ऐसे मजल दरमजल करीत गेले. मंडळाचे अध्यक्ष एक कर्नलसाहेब, मिशी टोकदार, बूट आरशासारखे, आणि ज्ञान तक्त्यापुरते. मोतीलाल यांनी तक्ता वाचिला. तळची ओळ वाचिली. प्रामाणिकपणाच्या भरात तिच्याखाली छापखान्याचे बारीक नाव होते तेही वाचिले, जे कर्नलसाहेबांस खुद्द चष्म्यातून दिसत नव्हते. कर्नलसाहेब खवळले आणि म्हणाले की हा आंधळा माझ्याहून चांगले पाहतो.

तेव्हा रेवताबाई, जी दाराशी उभी होती, ती आत आली आणि नवऱ्याच्या डावे बाजूस दोन हातांवर उभी राहिली.

"साहेब, अक्षरं त थे वाचतेच," ती म्हणाली. "पन मी कुठं उभी हाओ, थे न वळता सांगाले लावा त्याहिले."

मोतीलाल समोर पाहत राहिले. "आवाज त डावीकडून येऊन राहिला," ते म्हणाले, "पन तू मले दिसत नाई."

यावर शहाण्या माणसाने पुढे येऊन बोट हलवून पाहिले असते. परंतु बोट हलविण्याचा रकाना नमुन्यात नव्हता. कर्नलसाहेबांनी फर्माविले की बायकोची साक्ष चालत नाही, बाईस बाहेर न्यावे, आणि कागदावर लिहिले की रोगी ढोंग करितो. मग दोघे परतीच्या गाडीत बसले. वरठी आली तेव्हा मोतीलाल म्हणाले, "आता पुरे झालं, रेवता. ढोंगी म्हून लिहिलं त्याहिनं. यापरीस आंधळाच झालो असतो त बरं होतं."

"तसं बोलू नोका," ती म्हणाली. "मी लढणं सोडत नाई, मंग तुमी काहून सोडता?"

मग काही वर्षे मोहीम थंडावली. इतक्यात जवाहरनगरच्या कारखान्यात पहारेकऱ्यांच्या जागा निघाल्या, आणि माजी सैनिक म्हणून मोतीलाल तेथे रुजू होण्यास गेले. कारखान्याच्या दवाखान्यातील म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांस समोर बसविले, नाकाकडे पाहा म्हणाले, आणि आपली दोन बोटे दोन्ही बाजूंस धरून हलविली. एवढेच. ज्या कसोटीस खर्च नाही, यंत्र नाही, पाव घटकाही लागत नाही, ती दहा वर्षांत प्रथमच जाहली. डॉक्टरांनी हळहळून नोकरी नाकारिली आणि कागदावर लिहिले की दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेलेली, फाटकावर मोटार अंगावर येईल, सबब नाइलाज.

मोतीलाल तो कागद घेऊन खाली मान घालून परतले. पुंडलिकराव गुरुजींनी वाचिला आणि टाळी पिटून हसले.

"गुरुजी, नोकरी नाई भेटली, आन् तुमी कायले हासता?"

"अरे वेड्या, नोकरी गेली चुलीत! दहा वर्षांत पहिल्यांदा एका डॉक्टरानं तपासून तुझं म्हणणं शाईनं लिहिलं आहे!"

त्या कागदाच्या बळावर अपील दाखल जाहले, आणि सन त्र्याऐंशीच्या श्रावणात तिसरे मंडळ बसले. अध्यक्षस्थानी तेच कर्नलसाहेब, मिशी आता पांढरी, ज्ञान पूर्ववत. परंतु यावेळी डोळ्यांच्या डॉक्टर नव्या होत्या, कॅप्टन कुंदा वैरागडे, पवनीकडच्या, वयाने तिशीच्या आत. त्यांनी जवाहरनगरचा कागद वाचिला आणि पुसिले की नजरेचा घेर मोजण्याचा काळा पडदा या इस्पितळात असावयास हवा, तो कोठे आहे. मग शोध जाहला आणि उघडकीस आले की गतवर्षी मोठे साहेब पाहणीस आले तेव्हा त्या पडद्याचे कापड फाडून सभागृहाच्या खिडक्यांस लाविले. कर्नलसाहेब म्हणाले, पडदा नाही तर तपासणी नाही, आणि तक्त्याकडे बोट केले.

कॅप्टनबाईंनी तक्त्याकडे पाहिले नाही. कोपऱ्यात कर्नलसाहेबांची विलायती रेशमी काळी छत्री टांगली होती, ती त्यांनी उचलिली आणि फाडकन उघडिली. राजेलोकांवर छत्र धरितात ते मस्तकावर. मोतीलाल शिपायांस ते तोंडासमोर धरिले. दांड्याची मूठ हनुवटीस टेकविली, एक डोळा तळहाताने झाकविला, आणि सांगितले की आत जेथे सगळ्या काड्या मिळतात तेथेच नजर ठेवा. मग पेन्सिलीच्या टोकास पांढरी टाचणी खोवून ती एकेका काडीवरून काठाकडून मध्याकडे आणू लागल्या.

"मोतीलालभाऊ, टाचणी दिसली की सांगा. नाही दिसली तर गप्प राहा."

उजवीकडच्या काडीवर टाचणी काठाशी येताच "दिसली" म्हणाले, आणि बाईंनी रेशमावर खडूची खूण केली. कर्नलसाहेब छत्रीकडे पाहून कळवळले. वरच्या काडीवर दिसली, खालच्या काडीवर दिसली. मग डावीकडची काडी आली. टाचणी काठावरून निघाली, अर्ध्यात आली, मध्यापाशी आली, आणि शिपाई गप्प. दुसरी डावी काडी, गप्प. तिसरी, गप्प. दुसरा डोळा झाकिला, तरी तसेच. बाईंनी काड्यांचा क्रम बदलून तीन वेळा मोजिले. उजवे अर्धे रेशीम खडूने भरले आणि डावे अर्धे कोरे राहिले.

कर्नलसाहेबांस अजून खात्री होती की शिपाई सोंग करितो. त्यांनी काही न बोलता उठून, डावे अंगाने येऊन, हाताची थप्पड उगारिली आणि मोतीलाल यांच्या गालापासून चार बोटांवर एकाएकी आणिली. दाराशी उभ्या रेवताबाईने किंकाळी फोडिली. मोतीलाल यांची पापणीही लवली नाही; ते आता दोन्ही डोळे उघडे ठेवून काड्यांच्या मध्याकडे पाहत, पुढच्या टाचणीची वाट पाहत बसले होते. मग कर्नलसाहेब उजवीकडे गेले आणि तीच थप्पड उगारिली, तेव्हा शिपाई दचकून मागे सरले आणि म्हणाले, "साहेब, मारता कायले?"

 कर्नलसाहेबांचा हात तसाच वर राहिला होता, तो कोठे ठेवावा हे त्यांस उमगेना.

"जखम मेंदूच्या मागे, उजव्या बाजूला आहे, सर," कॅप्टनबाई म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांना डावीकडे जे दिसतं ते मेंदूत तिथं पोचतं, आणि तीच जागा गेली आहे. डोळे साबूत आहेत, म्हणून तर हा माणूस अक्षरं वाचतो. आपण अकरा वर्षं त्याला फक्त अक्षरंच दाखवली."

 कर्नलसाहेबांनी मान खाली घालून सही केली आणि छत्री न घेताच बाहेर पडले. मंडळाने तीस टक्के लिहिले.

ऐसे वाटावे की येथे लढाई सरली. परंतु कागद बाबू घनश्याम यांच्या मेजावर गेला आणि बाबू पेचात पडले. त्यांच्या पुस्तकात उजव्या डोळ्याचे कलम होते, डाव्या डोळ्याचे होते, दोन्ही डोळ्यांचे होते. दोन्ही डोळ्यांच्या अर्ध्याअर्ध्या बाजूचे कलम कोठेच नव्हते. आठ महिने त्यांनी विचार केला आणि मग त्यांच्या बुद्धीस असा साक्षात्कार जाहला की अर्धा डोळा आणि अर्धा डोळा मिळून एक डोळा होतो, आणि एका डोळ्याचे कलम पुस्तकात तीस टक्क्यांचे आहे. सबब हिशेब जुळला. सत्य जुळले की नाही, हे पाहणे त्यांच्या मेजावर येत नव्हते.

सन चौऱ्याऐंशीच्या आषाढात खलिता बोडीटोल्यास पोचला. पोस्ट म्हणजे गुरुजींच्या घराची ओसरी. तेथे मोतीलाल, रेवताबाई आणि पोस्टकार्ड घेण्यास आलेले ताराचंद ऐसे हजर होते. गुरुजींनी मोठ्याने वाचिले की शिपाई मोतीलाल यांस एका डोळ्याचे अंधत्व, प्रमाण तीस टक्के, पेन्शन हयातभर मंजूर.

रेवताबाईने पदर तोंडास लाविला. मोतीलाल मात्र विचारात पडले.

"कोनता डोळा, गुरुजी?"

"ते लिहिलेलं नाही."

"माहे त दोन्हीही हायेत." मग म्हणाले, "बरं, यात मी खरं बोललो होतो असं कुठं लिहिलं हाये का?"

गुरुजींनी कागद वरून खाली पाहिला, उलटा करून मागे पाहिला, आणि मान हलविली. बारा वर्षे ज्याला कागदोपत्री खोटा ठरविले, त्यास चूक जाहली एवढे दोन शब्द लिहिण्याइतकी शाई त्या थोर कचेरीत उरली नव्हती.

"मंग तुमी लिहा जी," रेवताबाई म्हणाली. "तुमी बी सरकारी मानुस हा. पोस्टाचा शिक्का हाये तुमच्यापाशी."

 सरकारी खलित्यावर आगाऊ मजकूर लिहिणे कायद्याने गुन्हा आहे, हे गुरुजींस ठाऊक होते. मग त्यांनी दौत पुढे ओढिली आणि बाबूंच्या सहीखाली, ठळक अक्षरांत लिहिले: शिपाई मोतीलाल वल्द तुलाराम पहिल्या दिवसापासून खरे बोलले. खाली बोडीटोल्याचा शिक्का मारिला आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखविला.

मोतीलाल म्हणाले, "आनखी एक डाव वाचा." गुरुजींनी पुन्हा वाचिले.

ताराचंद ओसरीच्या खांबास टेकून उभे होते. पोस्टकार्ड हातात चुरगळले होते. "मोतीलाल," ते म्हणाले, "उद्या सकाळी डोंग्यावर ये. माह्या भावाले तुह्या डाव्या बाजूनं बसवतो, थो सांगत जाईन. आमाले समजलंच नाई, गा."

मोतीलाल यांनी कागदाची घडी घालून रेवताबाईकडे दिधली आणि सोबत आणिलेले विणकामाचे जाळे उचलिले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. शत्रूकडील कोणी जखमी अथवा शरमिंदा जाहल्याची खबर नाही. बाबू घनश्याम यांस त्याच साली बढती मिळाली. आपल्याकडील नुकसान म्हणाल तर एका माणसाची बारा वर्षे. दुसरे दिवशी, सूर्य कासराभर वर आला असता, मोतीलाल शिपाई पाण्यावर रुजू जाहले आणि प्रहरभरात दोन मरळ धरून परतले. बोडीटोल्याच्या तलावाची पाळ, सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी, आषाढ मास. नोंद केली असे.